पश्चात्ताप होतो का, विचार

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्या हुद्द्याचं माणूस समोर आलं की माझा आवाज आपोआप खाली जायचा. चेन्नईत लॉ शिकत होते आणि चुकीची शिक्षा झालेल्यांसाठी लढणाऱ्या एका वकील मॅडमना मदत करत होते. कायदा अजून फारसा येत नव्हता. तमिळ आणि मराठी येत होतं, म्हणून त्यांनी मला तुरुंगात नेलं.

तिथे लातूरकडचा एक मजूर जन्मठेप भोगत होता. चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्याचं बांधकाम चालू असताना त्याच्या गावच्याच जोडीदाराचा खून झाला, आणि पोलिसांनी यालाच उचललं. खटला तमिळमध्ये चालला. याला त्यातलं काही कळलं नाही. आता त्याचं अपील मॅडम लढत होत्या.

त्या वर्षी काही कैद्यांना लवकर सोडणार होते. एक अधिकारी एकेकाला बोलावून प्रश्न विचारत होते. मॅडमना बाहेर थांबवलं होतं. दुभाषी म्हणून आत मी एकटीच.

"केल्याचा पश्चात्ताप होतो का, विचार," अधिकारी म्हणाले.

मी विचारलं.

"म्या मारलंच न्हाई, तर पस्तावा कशाचा? ताई, जो मेला त्याची माय गावात हाय. हो म्हणून सुटलो तर तिच्या म्होरं कोणत्या तोंडानं जाऊ?"

उत्तर काय असेल ते अधिकाऱ्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. "अम्मा, तू नुसतं हो म्हण," ते हळू आवाजात मला म्हणाले. "त्याला कुठे तमिळ कळतंय? घरी तरी जाईल बिचारा."

माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. ज्याने काही केलं नाही, त्याने सुटण्यासाठी आधी गुन्हेगार व्हायचं?

"नाही म्हणतोय तो. मी मारलंच नाही म्हणतोय. तेच लिहा, सर."

"मग राहू दे आत! लॉ कॉलेजात हेच शिकवतात का?"

या वेळी माझा आवाज खाली गेला नाही. "तेच लिहा, सर," मी पुन्हा म्हणाले.

बाहेर आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता अपील जिंकावंच लागेल."

बराच काळ गेला, पण जिंकलो. सांगायला मीच गेले. "कोर्ट म्हणतं, तुम्ही मारलं नाही."

"ते तर म्या कवाच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. मग जाळीजवळ आला. "ताई, हे मराठीत लिवून दे. त्याच्या मायला वाचून दावायचं हाय."