शाफ्टमधला पुरावा

लवंगीने परीटघडीवर सूड उगवायचं ठरवलं तेव्हा ती शाळेत होती, आणि परीटघडीला ती जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. लवंगी हे तिचं घरचं नाव. अंगकाठी एवढीशी, आणि तिखटपणा साऱ्या घराला पुरून उरणारा. परीटघडी म्हणजे लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीतला सॉफ्टवेअरचा प्रमुख. त्याच्या शर्टाला चुणी पडलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी त्याचं हे बारसं केलं. तोंडावर अर्थात सगळे 'सर' म्हणत.

लवंगीचे बाबा त्याच कंपनीत लिफ्ट मेकॅनिक होते. एकदा एका इमारतीत भरगच्च लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे धाडकन थांबली आणि आतल्या एका बाईंचा पाय मोडला. बाबा धावत गेले, नियमाप्रमाणे आधी मेन स्विच खाली ओढला, बाईंना बाहेर काढलं, आणि मग स्विच पुन्हा वर केला. लिफ्ट शहाण्या बाळासारखी चालू लागली. चौकशीत परीटघडी म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये काही सापडत नाही, तेव्हा मेकॅनिकने वायर ढिली सोडली असणार. असणार! या एका 'असणार'वर बाबांची नोकरी गेली.

बाबा इमारतीच्या जिन्याखाली मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत बसू लागले. "मी वायर ढिली सोडली नव्हती," असं ते चौकशीत एकदा म्हणाले होते, त्यानंतर पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. शेजारी मात्र पाहुण्यांना दाखवत, "हे ते लिफ्टवाले, बाईचा पाय मोडला ते." बाबा मान खाली घालून स्क्रू पिळत राहायचे. आई म्हणायची, जाऊ दे. बाबांनीही जाऊ दिलं असेल. लवंगीने मात्र सापाने धरावा तसा डूख धरला, आणि डूख धरूनच ती शिकली, पास झाली, आणि नेमकी त्याच कंपनीत, त्याच परीटघडीच्या हाताखाली जाऊन बसली. मेकॅनिकांची आडनावं लक्षात ठेवायची सवय परीटघडीला नव्हती, ते तिच्या पथ्यावर पडलं.

तिथे बसल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की बाबांचा पुरावा कुणी चोरला नव्हता. तो पुसला गेला होता, आणि त्यातला अर्धा बाबांच्याच हातून. लिफ्टच्या मशीनरूममध्ये भिंतीवर एक पेटी असते, पेटीत तळहाताएवढा बोर्ड, बोर्डावर प्रोसेसर. त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल कोसळला की ब्रेक आवळला जातो आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. कोसळताना कर्नल मुकाट्याने मरत नाही. आपण कुठलं काम करत होतो, त्या कामाला कुणी जुंपलं होतं, हातात कुठले आकडे होते, सगळं बडबडतो. पण ऑफिसात ती बडबड ऐकायला टेबलावर कॉम्प्युटर जोडलेला असतो, लिफ्टच्या मशीनरूममध्ये कोण बसलंय ऐकायला? बडबड मेमरीत राहते, वॉचडॉग नावाचा टायमर बोर्डाला दणका देऊन पुन्हा सुरू करतो, आणि सुरू होतानाचा पहिला प्रोग्रॅम सगळी मेमरी धुऊन काढतो. तो प्रोग्रॅम परीटघडीने स्वतः लिहिला होता. त्याला सगळं स्वच्छ लागायचं. त्यातून काही वाचलंच, तर मेकॅनिक येऊन मेन स्विच ओढतो, आणि वीज गेली की मेमरी कोरी.

लवंगीला मेमरीचा एक कोपरा हवा होता, जो धुवायचा नाही. कर्नलने मरताना तिथे लिहायचं, पुन्हा उठल्यावर ते उचलून कायमच्या चिपमध्ये ठेवायचं, ठेवून झालं की बोर्डावरचा हिरवा दिवा लावायचा, आणि नेटवर्क मिळालं की ऑफिसला पाठवायचं. काम फार अवघड नव्हतं, अवघड होती ती परीटघडीची परवानगी. आधीच्या एकाने मागितली होती, त्याला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या होत्या. लवंगी त्याच्या केबिनमध्ये गेली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "सर, लिफ्ट अडकली की हे मेकॅनिक लोक आपल्याकडे बोट दाखवतात. मेमरीचा एक कोपरा न धुता ठेवला तर त्यांची लबाडी पकडता येईल."

"वा!" परीटघडी खूश झाला. "हे कसं कुणाला सुचलं नाही? घ्या, घ्या तो कोपरा. माझं नाव टाका मंजुरीला."

तिने त्याचं नाव टाकलं. त्या संध्याकाळी घरी जाताना ती रस्त्यात एकटीच हसत होती.

मग तिने परीटघडीचा जुना कोड वाचायला घेतला. आपण लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे स्वतःची आद्याक्षरं लावायची त्याला हौस होती, त्यामुळे शोधायला कष्ट पडले नाहीत. खोट सापडली ती दरवाजाच्या भागात. लिफ्ट भरगच्च असताना दरवाजाच्या सेन्सरचा आणि जादा वजनाच्या घंटेचा इशारा एकाच क्षणी आला, तर त्याचा कोड आधीच परत करून टाकलेल्या, आता दुसऱ्या कामाला दिलेल्या मेमरीत हात घालायचा. तसं क्वचितच व्हायचं, पण झालं की कर्नल आडवा. बाबांच्या त्या लिफ्टमध्ये हेच झालं होतं, हे तिला आतून कळलं. तिने टेबलावरच्या बोर्डावर तसं घडवून पाहिलं. बोर्ड पहिल्या फटक्यात बंद पडला.

दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, दरवाजाच्या कोडमुळे कधी लिफ्ट बंद पडली असेल का? टेबलावर पडतो बोर्ड."

"टेबलावर काय, हातोडा मारला तरी पडतो," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत बाहेर कधी घडलंय? शाफ्टमधला, चालत्या लिफ्टमधला पुरावा आणा, मग बोलू."

दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ तिने तेव्हाच टाकली असती, तर पुढच्या आवृत्तीत गुपचूप गेली असती. वर परीटघडीचं नाव लागलं असतं आणि जिन्याखालचे बाबा पाय मोडणारेच राहिले असते. तिने ओळ टाकली नाही. पुरावा पाहिजे ना शाफ्टमधला, घे मग, असं ती मनात म्हणाली, आणि ताकास तूर लागू न देता वाट बघत बसली.

मेकॅनिकांची सवय तेवढी मोडायला हवी होती. त्यासाठी तिने बाबांनाच गाठलं. "तुमच्या मित्रांना सांगा ना, लिफ्ट अडकली तर लगेच मेन स्विच ओढू नका. बोर्डावरचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, मग ओढा. थोडासाच वेळ लागतो."

"का गं?"

"त्यांच्याच भल्याचं आहे. कुणाच्या माथी उगाच खापर फुटायला नको."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि जुन्या मित्रांना फोन करायला बसले. बऱ्याच दिवसांनी ते कुणाला तरी आपणहून फोन करत होते.

आणि एक दिवस आली ती बडबड. बाजाराजवळच्या एका इमारतीतली भरगच्च लिफ्ट थांबली, मेकॅनिकने दिव्याची वाट पाहिली, आणि कर्नलचे शेवटचे शब्द जसेच्या तसे लवंगीच्या स्क्रीनवर उतरले. सगळ्यात वर परीटघडीची आद्याक्षरं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. आठवड्याच्या मीटिंगची वाट पाहिली. तिथे कंपनीच्या मालकीणबाई स्वतः यायच्या.

मीटिंगमध्ये परीटघडी नेहमीसारखा सुरू झाला, "बाजारातली लिफ्ट ना, तिथे मेकॅनिकने वायर..."

"सर, जरा थांबता?" लवंगी उठली आणि तिने तो मजकूर भिंतीवर लावला. हा कुठला कोड, कुणाचा, कधीपासूनचा, हे तिने एकेक ओळ बोटाने दाखवत सांगितलं. नंतर बाबांच्या लिफ्टचं सांगितलं. तिथेही हाच बोर्ड, हाच कोड, तशीच भरगच्च लिफ्ट आणि तसाच दरवाजा. शेवटी म्हणाली, "ते मेकॅनिक माझे वडील."

परीटघडीच्या तोंडचं पाणी पळालं. "हे मेमरीचं कुणी करायला सांगितलं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच मंजूर केलंत, सर. नाव आहे तुमचं."

मालकीणबाईंनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की मग तेव्हा 'असणार' कशावरून म्हणालात. त्याच्या शर्टाला काखेत घामाची ओल आली होती. लवंगीने ती डोळे भरून पाहिली. सुडाने मन शांत होत नाही वगैरे जे म्हणतात ना, त्यांनी घेतला नसेल. तिचं झालं. त्या दिवशी तिला बाहेरचं ऊनही गोड लागलं. संध्याकाळपर्यंत परीटघडीची खुर्ची रिकामी झाली, आणि कंपनी बाबांची माफी मागायला माणूस पाठवणार असं ठरलं.

ती घरी आली तेव्हा बाबा जिन्याखालीच होते. तिने तिथेच, इस्त्र्यांच्या ढिगाऱ्यात उकिडवं बसून, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"माझी वायर ढिली नव्हती," ते म्हणाले.

"नव्हतीच. मला तर कधीचं माहीत होतं. टेबलावर बंद पाडून बघितलेला मी बोर्ड. म्हटलं, पडू दे बाहेर एकदा, तेव्हाच पकडते याला."

बाबा चष्मा घालायचे थांबले. "कधीचं म्हणजे?"

लवंगी एका इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळू लागली.

"माहीत होतं, आणि लिफ्ट चालू ठेवलीस?"

"बाबा, तो ऐकत नव्हता. एक ओळ टाकली असती की तो सुटला असता. तुमच्यासाठीच..."

"आत कोण होतं ते विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. त्या मजकुरात सगळं होतं, तेवढं नव्हतं.

"त्या गर्दीत एक शिंपी होता, म्हातारा," बाबा म्हणाले. "मेकॅनिकने मला फोन करून सांगितलं. झटका बसला तसा पडला. उजवं मनगट मोडलंय. आणि माझ्या सांगण्यावरून तो मेकॅनिक दिव्याकडे बघत उभा राहिला, आत तो माणूस ओरडत असताना."

"मी पुन्हा असंच करेन," लवंगी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "त्याने तुम्हाला मातीत घातलं, बाबा. मी पुन्हा करेन."

बाबा उठले. त्यांनी हात धुतले, धुतलेला शर्ट चढवला. "चल," म्हणाले.

शिंप्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच पडला होता, सुई कापडात रुतलेली. म्हातारा पलंगावर बसून डाव्या हाताने चहा पीत होता आणि तो त्याच्या छातीवर सांडत होता. बाबा दारात थांबले.

"मी लिफ्टचा जुना मेकॅनिक. ही माझी मुलगी," ते म्हणाले. "हिला काही सांगायचंय तुम्हाला."

"बसा की," शिंपी म्हणाला. "काय सांगायचंय, बाळा?"

परीटघडीला काय बोलायचं ते लवंगीने वर्षानुवर्षं घोकलं होतं. या माणसासाठी तिच्याकडे एक शब्द तयार नव्हता. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते, ते त्या म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहत होते.