दया ट्रंकेत ठेवा
आधी नाव घेतो ते आमच्या घरमालकिणीचं, म्हणजे तिच्या उपकाराचं. वेसाव्यातली कोळीण. सकाळी मासळी विकायची आणि उरलेला दिवस माणसांना शिव्या द्यायची. मी वाचलो तो तिच्यामुळे. देवाचे आभार नंतर मानले, तेही तिनं दरडावलं म्हणून.

तिच्या घराला लागून असलेल्या खोलीत आम्ही एकाच गावचे आठ जण राहायचो. मी सातवीत शाळा सोडून मालवणाकडून आलेला. गिरण्यांचा संप लांबलेला, म्हणून खोलीतल्या वडीलधाऱ्या काकांनी मला अंधेरीच्या एका कारखान्यात चिकटवलं होतं. तेवढ्यात कावीळ झाली. डोळे असे पिवळे की एक जण म्हणाला, "आता लाइट गेली तरी चलात."

डॉक्टर म्हणाला, पडून राहा, प्रवास तर अजिबात नको. पण आमच्या खोलीची रीत अशी की कोणी आजारी पडला की सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि त्याला गावाला धाडायचं. पाणी बदललं की बरं वाटतं म्हणे.

"झिलाची दया येता रे," काका म्हणाले. "आवशीकडे पोचवूया."

दया खरीच होती. पण गेलेल्याच्या जागेवर लगेच नवा माणूस झोपायचा, कामावरही तोच लागायचा. मला मरणापेक्षा त्या नव्या माणसाची भीती जास्त. बोलणार कसा? ज्यांनी इथे आणलं त्यांनाच नको म्हणायचं?

दुपारी त्यांनी मला पँट चढवली, ट्रंक उचलली. दारात घरमालकीण, रिकामी पाटी घेऊन नुकती बाजारातून आलेली.

"कुठं नेताव रं याला? सोनापूरला, जाळायला?"

"गावाक, मावशी. दया येता झिलाची. हय त्याचा कोण करतला?"

"मी काय मेलेय?" ती उंबऱ्यावरच बसली. "एसटीत घाटातच खपंल तो. म्हणं दया येते! दया ठेवा त्या ट्रंकेत. याला पेज लागते."

तिला ओलांडायची कुणाची टाप? ट्रंक परत आत आली.

मग माझा छळ सुरू झाला. पेज, उसाचा रस, पुन्हा पेज. मासळीच्या वासानं मला ओकारी यायची, आणि ती तर नखशिखांत बोंबील! म्हणून पेज आणण्याआधी मोरीत बसून चिंचेनं हात घासायची, घासता घासता माझ्या सात पिढ्या काढायची. अंग पुसायला आली तेव्हा मी चादर घट्ट धरली.

"सोड रं. रोज पाटीभर सोलते मी, तुझ्यात काय नवं?"

एक दिवस कारखान्यात जाऊन मुकादमालाही सुनावून आली, "पोरगा जिता हाय, त्याच्या जागी कुणाला घेशील तर बघ." त्यानं ऐकलं. तिचं न ऐकणारा मला अजून भेटायचाय. महिन्याभरात मी कामावर उभा होतो.

हल्ली तिचे गुडघे कुरकुरतात. मी विचारलं की म्हणते, "माझ्या मरणावर टपलायस काय?" टपलो नाही. पण कधी तिनं अंथरूण धरलंच, तर पोरंसुना असल्या तरी उशाशी मी बसणार. हाकललं तरी हलणार नाही. तिनं केलं ते सगळं करीन, शिव्या तेवढ्या तिच्याच खाईन.