आमच्या घरचे पापड

माझा मुलगा सुनेला मारतो हे मला भिंतीतून कळलं. कॅनडातली घरं लाकडाची. वरच्या खोलीत डोकं आपटलं की खाली स्वयंपाकघरात आवाज येतो. मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

मार मला नवा नव्हता. सावद्याजवळ आमचं गाव. तिथे नवरा मला बैलाच्या कासऱ्याने मारायचा. एकदा केळीच्या बागेत पाटात पाडून इतकं मारलं की नाकातोंडात चिखल गेला, एक दात तिथेच राहिला. सासू बांधावर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तोंडावर नको मारू, परवा लग्नाला जायचं आहे." मी चौथी शिकलेली बाई. सासूने मध्ये पडायचं नसतं, असं मी समजत होते. नवरा मेल्यावर मुलाने मला इकडे कॅनडात आणलं. माझे राहण्याचे कागद त्याच्या सहीवर होते. त्यामुळे तोंड बंद ठेवणं सोपं गेलं.

पहिले सहा महिने घराबाहेर कोणाशी बोलले नाही. मग एकदा आपल्या लोकांच्या दुकानात वांगी दाबून बघत होते. "ही वांगी आहेत का रबर?" असं पुटपुटले. मागून एक बाई हसली.

"अक्का, भरीतसाठे देखी ऱ्हायनी का? जळगावकडली दिखस तू."

ती धुळ्याची निघाली. माझ्याच वयाची, लेकीकडे राहणारी, तोंडाने फटकळ. तिच्यामुळे आपल्याकडच्या आठ घरांची ओळख झाली. उन्हाळा लागला की या बायका दर शनिवारी एकेका घरी उडदाचे पापड लाटायच्या. गल्लीत चालतं तसंच. ज्या घरचे पापड, तिने पीठ कुटून ठेवायचं. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. पैसे नाहीत, आमंत्रण नाही. तुम्ही चार घरी लाटलं की पाचव्या शनिवारी बायका तुमच्या दारात येणारच. नको म्हणता येत नाही.

मी सुनेलाही घेऊन जायला लागले. घरात न बोलणारी पोरगी तिथे लाट्या तेलात बुडवून खायची आणि हसायची. मुलाला ते खपत नव्हतं. "इथे येऊनही गावच्या बायकांत कशाला बसता?" म्हणायचा.

आमचा शनिवार आला. आदल्या संध्याकाळी त्याने सुनेला विचारलं, "माझ्या घरात कोणाला विचारून बोलावलं?" बोलावलं कोणीच नव्हतं, बायकांत आधी जायला लागले ती मी. तरी उजवा हात तिचाच पिरगळला. या वेळी माझ्यासमोर. काडकन आवाज झाला. ती ओरडली नाही, खाली बसली. मी हळद लावली आणि उडदाचं पीठ भिजवायला घेतलं. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

सकाळी मी पीठ कुटलं. इकडे पाटा नाही, मग जाड फळीवर लोखंडी बत्त्याने. बायका आल्या, फरशीवर चादरी अंथरल्या, गोल करून बसल्या. सूनही बसली. डाव्या हाताने लाटायला लागली. पापड एकीकडे जाड, एकीकडे फाटलेला. आठ बायकांची लाटणी एकेक करून थांबली. पापड लाटणाऱ्या बाईचा हात लपत नाही.

"काय व्हयनं इना हातले?" धुळ्याच्या बाईने मला विचारलं.

"न्हाणीघरात पडली," मी म्हणाले.

"पडीसन असा सुजस का? मनाकडे देख अक्का. तुन्हा आंडोर मारस ना इले?"

आंडोर म्हणजे मुलगा. मी पुढची लाटी उचलली. तेवढ्यात तोच जिन्यावरून खाली आला. "आई, यांना जायला सांग." कोणी उठलं नाही. एक बाई म्हणाली, "भाऊ, पीठ संपल्याशिवाय उठत नसतात." त्याने सुनेच्या वेणीला धरून तिला ओढलं. पोळपाट उडालं. लाट्यांवरून घसरत ती जिन्यापर्यंत गेली, तिचं कपाळ पायरीवर आपटलं आणि पांढऱ्या चादरीवर रक्त सांडलं.

मी बत्ता उचलला आणि त्याच्या हातावर मारला. मुलाला मी लहानपणीसुद्धा मारलं नव्हतं. त्याने वेणी सोडली. माझ्या तोंडात दिली. मी पडले. मग सात बायका त्याच्या अंगावर गेल्या. लाटणं बारीक असतं, पण नडगीवर लागलं की माणूस खाली बसतो. तो बसला.

आठवी, धुळ्याची बाई, माझ्याजवळ होती. हातात फोन.

"सांगशी तं लावस. पण मंग माघारी फिरता येवाव नही."

मला माझे कागद आठवले. आपलं वय आठवलं. सून माझ्याकडे बघत होती, एका डोळ्यात रक्त गेलेलं.

"लाव," मी म्हणाले.

पोलीस बाईने आधी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "पडले." मी पुढे झाले. धुळ्याची बाई मोडक्या इंग्रजीत माझं सांगणं सांगत गेली. वर्षभर भिंतीतून काय ऐकलं, काल हात कसा पिरगळला, सगळं सांगितलं. बत्ता मीच मारला, तेही सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. शेवटी सुनेने बाही वर केली आणि जुने डाग दाखवले. मुलाला बेड्या घालून नेलं.

आता त्याला घरात यायला मनाई आहे. सून नोकरी करते, मी तिच्याजवळ राहते. माझ्या कागदांचं काय होईल ते वकिलालाही ठाऊक नाही. मुलाला मला फोन करायला बंदी नाही.

"सख्ख्या मुलाला पोलिसात दिलंस," तो म्हणतो.

"दिलं."

"परत देशील?"

"मारलंस तर देईन."

तरी तो फोन ठेवत नाही. त्याचा श्वास ऐकू येत असतो. मीही फोन ठेवत नाही.