वाळूचं घमेलं

मांजराच्या पिल्लाला वाळूत बसायला शिकवावं लागेल, अशा तयारीत मी होते. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू घमेल्यात पसरली आणि दूध पिऊन झाल्यावर त्याला उचलून आत ठेवलं. त्याने आपणहून खड्डा केला, बसलं, मग वळून हुंगत हुंगत सगळं झाकून टाकलं.

"गुणाचं आहे हो!" आई म्हणाली.

मला मात्र ते झाकणं स्वच्छतेचं वाटेना. एवढासा जीव, आणि कुणाला आपला माग लागू नये म्हणून केवढी ती घाई! तिसऱ्या मजल्यावर कोण येणार होतं? तरी ते मधेच थांबून, कान टवकारून दाराकडे बघायचं आणि पुन्हा वाळू ओढायला लागायचं.

आम्हीही झाकतोच आहोत. बाबांना दवाखान्यातून घरी आणल्यापासून दोन्ही वेळा फिनेल आणि धूप चालू आहे. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन जे बोलले, त्यावर "नुसता अशक्तपणा आहे" एवढंच घातलंय.

काल दुपारी पिल्लू बाबांच्या खाटेपाशी गेलं. वर नाक करून बराच वेळ हुंगत राहिलं आणि कोरड्या फरशीवरच पंजा ओढायला लागलं. खर्र, खर्र. मी हाकललं, तर ते परत आलं.

बाबा कुशीवर वळून बघत होते.

"तू तरी नीट झाक रे," ते त्याला म्हणाले. "ह्यांना जमत नाही."