मैदानावरचं टेंगूळ

दोन हजारनंतरची पहिली वर्षं होती ती. सिंगापूरला आमचा फ्लॅट क्वीन्सटाउनमध्ये होता आणि मुलाचं कॉलेज तिथून बसने थोडंसं पुढे. कॉलेजला बेसबॉलचं मैदान होतं आणि मुलगा त्यांच्या टीमचा पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं, पण लांबच्या भाच्याच्या सासरी काय चालतं हे जितपत माहीत असतं तितपतच. त्याच्या लेखी बॅट सपाट नसेल तर तो खेळच नव्हे. मुलाची एकही मॅच बघायला तो कधी गेला नव्हता. मी जायचे. कळायचं मलाही फारसं नाही, पण सगळे ओरडले की मी ओरडायचे.

नवऱ्याचा जीव क्रिकेटमध्ये. वन-नॉर्थच्या ऑफिसांतली आणि आंग मो किओच्या कंपन्यांतली पुण्याची मंडळी गोळा करून त्याने टीम उभी केली होती, फक्त मैदान मिळत नव्हतं. शेवटी मुलानेच आपल्या टीमच्या मॅडमना विचारून एक रविवार मिळवून दिला. मॅडम त्याच कॉलेजात शिकलेल्या, आता तिथेच फिजिक्स शिकवायच्या आणि टीमही सांभाळायच्या. "मंगळवारी आमची इथली शेवटची मॅच आहे, त्याआधी खेळून घ्या," त्या म्हणाल्या. त्यानंतर मैदानावर नवी इमारत उठणार होती.

आता पुण्याच्या क्लबात वाढलेला माणूस मैदानावर गेला की आधी खेळपट्टीला लागतो. नवऱ्याच्या लहानपणी खडे वेचणं, पाणी मारणं, रोलर ओढणं हे सगळं खेळणाऱ्यांनीच करायचं, त्याशिवाय बॅट हातात पडायची नाही. त्यामुळे रविवारी उजाडताच ही मंडळी फावडी घेऊन हजर. बघतात तर मैदानात मातीचा एक उंचवटा. "टेंगूळ आलंय की मैदानाला!" नवरा म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून ते खणून, पसरून, वर कॉलेजचाच रोलर फिरवून सपाट करून टाकलं. उंचवट्यावर पांढऱ्या रबराची एक पट्टी पुरलेली होती. ती उपटून, पुसून, कुंपणाला व्यवस्थित टेकवून ठेवली. मी पोह्यांचा डबा घेऊन मुलाबरोबर पोचले तेव्हा सगळे घामाने निथळत होते आणि स्वतःवर भलतेच खूश होते.

मुलगा गेटातच थांबला.

"बाबा, व्हेअर्स द माउंड?"

"कसला माउंड?"

"दॅट्स व्हेअर आय स्टँड, लाह," तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बेसबॉलमध्ये पिचर त्या उंचवट्यावर, त्या पांढऱ्या पट्टीला पाय लावून उभा राहूनच चेंडू टाकतो, आणि त्याची उंची, उतार सगळं ठरलेलं असतं. माउंड नसता तर मंगळवारची मॅच दुसऱ्या कॉलेजात हलवावी लागली असती, आणि आपल्या मैदानावरचा पोराचा शेवटचा खेळ हुकला असता. खरं तर मला हसू येत होतं. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते जिरलं.

मॅडमना फोन केला. त्या घरच्या चपलांवरच आल्या. सपाट जमिनीकडे बघून म्हणाल्या, "ही तिसरी वेळ."

मग त्यांनी मैदानाची सगळी कुळकथाच सांगितली. तिथे पूर्वी डुकरं पाळणाऱ्यांची वस्ती होती, भोवती रामबुतानची झाडं होती. वस्ती उठली, टेकाड कापून जमीन सारखी केली, कॉलेज आलं. आधी फुटबॉलचं राज्य होतं. बेसबॉलवाल्यांनी पहिला माउंड बांधला तो फुटबॉलवाल्यांनी रागाने मोडला. दुसरा पावसात वाहून गेला. तिसरा बांधायला मॅडम स्वतः विद्यार्थिनी असताना बादल्यांनी माती वाहत होत्या. "तुम्ही निदान प्रेमाने मोडलात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नवऱ्याला त्या हसण्याने जास्तच लागलं.

क्रिकेट राहिलं बाजूला. दिवसभर मातीचा थर द्यायचा, पाणी शिंपडायचं, कुटायचं, पुन्हा थर. मॅडम दोरी लावून उतार बघत होत्या. माती कुटण्यात आमची मंडळी तरबेज निघाली. नवरा कोपरापर्यंत चिखलाने माखला होता आणि मुलाला विचारत होता, "पाय कुठे पडतो तुझा? मग जोर कुठून लावतोस?" मुलगा आधी तुटक उत्तरं देत होता, मग करून दाखवायला लागला. असे प्रश्न बापाने त्याला पहिल्यांदाच विचारले होते. मला फार बरं वाटलं. पोहे गार झाले आणि तसेच संपले.

मंगळवारी नवऱ्याने अर्धी रजा टाकली. मॅच आम्ही जिंकली, कशी ते मला विचारू नका. नवरा शेजारच्या पालकांना नियम विचारून विचारून हैराण करत होता, आणि मुलगा चेंडू टाकायला आला की सगळ्यांच्या वर त्याचाच आवाज. संपल्यावर तो धावत मुलाकडे गेला.

"पुढची मॅच कधी? मी येणार."

"नो मोर, बाबा. धिस वन लास्ट. नाऊ ओन्ली एक्झाम्स."

नवऱ्याला बिचाऱ्याला आत्ता कुठे गोडी लागली होती. मला त्याच्यासाठी गलबलून आलं.

मग त्याने मुलाच्या एका मित्राचा हातमोजा मागून घेतला, ऑफिसच्या पँटीनिशी मुलाच्या समोर लांब जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "टाक."

"आय थ्रो फास्ट, हं."

"टाक रे."

मुलाने हळू टाकला नाही. चेंडू हातमोज्यात असा आदळला की नवऱ्याने मागच्या मागे बसकणच मारली. तिथूनच त्याने चेंडू परत फेकला आणि म्हणाला, "अजून एक."