अठराशे रुपयांचा परतावा

वाघोलीत माझं करसल्ल्याचं ऑफिस आहे. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंचा नवरा एका ठेकेदाराकडे वॉचमन. त्याला कर लागूच नव्हता, तरी ठेकेदार पगारातून टीडीएस कापत होता. मी फुकटात रिटर्न भरलं. उत्पन्न एक लाख ऐंशी हजार. अठराशे रुपये परत आले. बाईंनी मुलीला दप्तर घेतलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पुढच्या वर्षी आरटीईच्या सोडतीत मुलीचा नंबर लागला. हायवेलगतची इंग्रजी शाळा, गरिबांसाठी राखीव जागा, आठवीपर्यंत फी नाही. फक्त एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. अर्जात सायबर कॅफेवाल्याने नव्वद हजार लिहिले होते, सगळ्यांचे लिहितो तसे. दाखल्याच्या खिडकीवर कारकुनाने पॅनकार्ड पाहून रिटर्नची प्रत मागितली. तिच्यात एक लाख ऐंशी हजार.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "ताई, तो कागद मागे घेता येतो का?"

"नाही."

"अठराशे परत भरले तर?"

"तरी नाही."

त्यांनी कणीक मळायला घेतली.

त्याच आठवड्यात एक जुने अशील पेढे घेऊन आले. चाळीस खोल्या भाड्याने, रस्त्यावर दोन गाळे. नातवाचा नंबर त्याच शाळेत, त्याच राखीव जागांतून लागला होता. दाखला कसा मिळाला, मी विचारलं.

"पोराच्या नावावर काय हाय म्याडम? खोल्या माझ्या, गाळे माझे. त्याची आपली दोन एकर कोरडवाहू. साठ हजाराचा दाखला मिळाला." मग हसले. "तुम्ही दर साली म्हणता, खोल्या पोराच्या नावावर वाटा, कर कमी बसंल. ऐकलं नाय तेच बरं झालं. घ्या की पेढा."

मी घेतला. कागदावर काही चूक नव्हती.

बाईंची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते. परवा मी विचारलं, यंदा पुन्हा टीडीएस कापला का?

"नाही ताई. यांनी आता पगार रोखीतच मागून घेतलाय. पावती नाही, सही नाही."

"म्हणजे उद्या ड्युटीवर काही झालं, तर ते नोकरीला होते हेही सिद्ध करता येणार नाही."

"माहितीय," पोळी उलटत त्या म्हणाल्या. "धाकटा चार वर्षांचा झालाय. दोन वर्षांनी त्याची सोडत."