खोक्यातली रिकामी जागा

माझ्या नोकरीतल्या बहुतेक हकिगती घरच्यांना पाठ आहेत. मी तोंड उघडलं की बायको शेवट सांगून मोकळी होते. एक घटना मात्र मी जेवणाच्या पानावर कधी काढली नाही, आणि आजही आठवते ती तीच. एका बापाला आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती शोधून देणं माझ्याकडे आलं होतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

साल २००९. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मुंबईवर समुद्रातून हल्ला होऊन गेला होता, त्यामुळे आम्हाला सक्त सूचना होत्या: पाण्यातून काही संशयास्पद आलं तर हात लावायचा नाही, ताबडतोब कळवायचं. मच्छीमारांच्या बैठका घेऊन मीच हे बजावत फिरत होतो. लोक ऐकतही होते. एकदा तर फुगून वर आलेल्या कासवासाठीसुद्धा फोन आला होता.

नारळी पौर्णिमा उलटली होती, पण समुद्र अजून निवळला नव्हता. एका सकाळी देवबागहून म्हाताऱ्या मच्छीमाराचा फोन आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार तिथलाच. मी फोंडाघाटचा, म्हणजे जिल्ह्याचाच, पण डोंगराखालचा. पाणी गुडघ्याला लागलं की मला देव आठवतो.

वाळूवर एक मोठं खोकं पडलं होतं. जाड काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, नायलॉनच्या दोरीने करकचून आवळलेलं आणि बुडू नये म्हणून चारी बाजूंनी जाळ्याचे तरंगते बोये बांधलेले. एका कोपऱ्यात प्लास्टिक फाटून रंगीत वायरींचा झुपका बाहेर आला होता. मी सगळ्यांना मागे हटवलं. सगळ्यांत मागे मी स्वतः हटलो.

"साहेब, इतक्या लांबून काय दिसतला?" हवालदार म्हणाला.

"दिसायची गरज नाही. बॉम्बशोधक पथक येऊ दे."

खोकं ज्याला सापडलं तो म्हातारा शांतपणे विडी ओढत होता. "सायबानू, मी तेका खांद्यार मारून पाण्यातसून आणलंय. फुटाचा आसता तर तेवाच फुटला आसता."

पथक आलं. तपासणी झाली. पथकातल्या अधिकाऱ्याने हसू दाबत मला सलाम केला आणि म्हणाला, "साहेब, कंप्युटर आहे."

आमच्या ठाण्यातही एक कंप्युटर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं आच्छादन असे आणि दसऱ्याला आम्ही त्याला फूल वाहत असू. संबंध तेवढाच. म्हणून पंचनाम्याला मी तालुक्यातल्या कंप्युटर क्लासच्या सरांना बोलावलं. त्यांनी खोकं उघडून एकेक भाग ओळखून सांगितला आणि मी तो लिहवून घेतला: कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय. पाणी फारसं शिरलं नव्हतं. बांधणाऱ्याने हात राखून बांधलंच नव्हतं.

"हे गेम खेळण्यासाठी जुळवलंय," सर म्हणाले. "कमी पैशांत, पण डोकं लावून. फक्त गेमला जे मुख्य लागतं ते ग्राफिक्स कार्डच नाही. हा बघा स्लॉट, रिकामा."

"महाग असतं?"

"यात सगळ्यांत महाग तेच."

पोलिसाला एवढं पुरतं. सगळ्यांत महाग वस्तू गायब, आणि माल एकाच माणसाच्या हातून आलेला. मी म्हाताऱ्याला ठाण्यात आणून समोर बसवलं आणि तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला.

"कार्ड कुठे ठेवलंस?"

"कसला कार्ड? रेशनाचा?"

"खोक्यातलं."

"मी काय एक काढूक नाय. माका काढून करूचा काय? जाळ्याक लावू?"

मी आवाज चढवला. तो माझ्याकडे, नातू हट्ट करतोय अशा नजरेने बघत राहिला. तेवढ्यात हवालदार आत आला. त्याने खोक्याचे बोये सोडून उलटसुलट करून पाहिले होते. जाळी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या बोयांवर आपली खूण रंगवतं. या बोयांवर निळा पट्टा होता, त्याच्याखाली लाल ठिपका. "साहेब, हे घर मला माहीत आहे," तो म्हणाला. म्हाताऱ्याला घरी सोडून आम्ही तिकडे गेलो.

घर खाडीच्या अंगाला होतं. घरधनी ओट्यावर जाळं सांधत बसला होता. माझ्या हातातला बोया बघून म्हणाला, "ह्यो आमचो. खंय गावलो?"

घरात एक तरुण मुलगा आहे, असं हवालदाराने वाटेत सांगितलं होतं. मी त्याची चौकशी केली.

"मुंबयक गेलो. चार दिस झाले."

मग त्याने सांगितलं. मुलगा विशीतला, एकुलता. एक मोसम ट्रॉलरवर राबला होता आणि त्या कमाईतून त्याला खेळण्यासाठी कंप्युटर जुळवायचा होता. बापाचं म्हणणं, खेळायचं वय सरलं. शब्दाने शब्द वाढला आणि बाप म्हणाला, "ह्या खोक्यापायी जातस तर परत येव नको." मुलगा घरची लहान होडी घेऊन खाडीच्या पलीकडे गेला. तिथून कुडाळची गाडी मिळते. बापाने धरलं की होडी पलीकडे ठेवून तो मावशीकडे मुंबईला गेला असेल.

मी खोक्याचं सांगितलं. त्याच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली.

"बोये किती होते बांधलेले?"

हवालदाराने सांगितलं.

"म्हणजे होडीतले सगळे." मग तो मलाच समजावू लागला. "सायबानू, तेका पेवाक येता. खोक्याक येना नाय, म्हणान बांधल्यान. तो खंयतरी लागलो आसतलो."

पोराला पोहता येतं, खोक्याला येत नाही, म्हणून बोये खोक्याला. त्यात त्याला काळजीचं काही वाटत नव्हतं, निदान तो तसं दाखवत होता. आतल्या दारात मुलाची आई उभी होती. ती माझ्या हातातल्या बोयाकडे बघत होती.

आम्ही होड्या काढल्या. उलटलेली होडी खाडीच्या मुखाजवळ मिळाली. मुलगा दुसऱ्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्याला लागला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, इन्क्वेस्ट पंचनामा झाला, शवविच्छेदनात बुडून मृत्यू असं आलं.

कागद तिथे संपत होते. गाव मात्र थांबलं नाही. खाडीत वाढलेलं पोर खाडीत बुडतं कसं? बापाशी भांडून गेलं होतं. बोये खोक्याला दिले आणि स्वतः पाण्यात गेलं. लोकांनी आपापल्या पडवीत बसून निकाल लावून टाकला.

दिवसकार्य उरकल्यावर बाप ठाण्यात आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. कचेरीत आल्यामुळे त्याने शुद्ध बोलायला सुरुवात केली, "साहेब, माझं एक काम होतं," आणि पुढचं त्याला त्या भाषेत सांगता येईना.

"माका एकच सांगा. तेना मुद्दाम केल्यान काय?"

मी त्याला खुर्ची पुढे केली.

"तेची आवस माझ्याशी बोलणा नाय," तो बायकोबद्दल म्हणाला. "तिका काय इचारू? मीच सांगलंय ना, परत येव नको म्हणान."

अशा वेळी म्हणायची वाक्यं माझ्याकडे तयार होती. इतकी वर्षं ती वापरून मी बरीच घरं गप्प केली होती. पण हा माणूस सांत्वनाला आला नव्हता, त्याला माहिती हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. माणूस कशाने मेला ते डॉक्टर सांगतो. होडीत बसताना त्याच्या मनात काय होतं ते कोणत्या रकान्यात शोधायचं?

पॉवर सप्लायवर कोल्हापूरच्या एका दुकानाचा वॉरंटीचा स्टिकर होता. मी स्वतः निघालो. वाटेत फोंडाघाटला माझं घर. तिथे जेवायलाही थांबलो नाही, यावरून बायकोला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

दुकानदार तरुण होता. मुलाचा फोटो बघताच त्याने ओळखलं. "मालवणचा ना? दोन दिवस दुकानात बसून होता, साहेब. एकेका भागासाठी माझं डोकं खाल्लं. कॅबिनेट साधं घेतलं, दिव्यांचं नको म्हणाला. प्रोसेसर त्यातल्या त्यात स्वस्त. रॅमची एकच पट्टी. पण मदरबोर्ड मोठा पाहिजे आणि पॉवर सप्लाय दणकट पाहिजे म्हणून हटून बसला."

"ते कशाला?"

"मीही तेच म्हटलं. एवढी पॉवर आत्ता लागतच नाही, हलका घे, उरलेल्यात छोटं ग्राफिक्स कार्ड बसवून देतो, आजच गेम चालतील. ऐकेना. म्हणाला, आत्ता साधे गेम खेळीन. अजून एक मोसम बोटीवर गेलो की चांगलं कार्ड घेईन. तेव्हा आतलं सगळं पुन्हा बदलायला नको."

"म्हणजे ती जागा त्याने मुद्दाम रिकामी ठेवली?"

"हो तर." त्याने खालचा ड्रॉवर ओढून एक कार्ड काढलं. "हे जुन्यात आलंय, पण चांगलं आहे. दुसऱ्याला विकू नका म्हणून बजावून गेलाय. दिवाळीला भाव करायला येणार आहे." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का? काय झालं?"

मी सांगितलं. त्याने कार्ड परत आत ठेवलं, ड्रॉवर लावला आणि कितीतरी वेळ हात त्याच्यावरच ठेवून उभा राहिला. समोर गिऱ्हाईक आलं होतं, ते त्याला दिसलं नाही.

मी त्याचा सविस्तर जबाब घेतला. ज्या रिकाम्या स्लॉटवरून मी म्हाताऱ्याला तासभर छळलं होतं, तोच आता माझा सगळ्यांत भक्कम पुरावा होता. जीव द्यायला निघालेला माणूस पुढच्या मोसमासाठी जागा राखत नाही. नदीच्या गोड्या पाण्याने फुगलेली खाडी, मुखाशी भरतीची लाट, लहान होडी आणि बापाच्या नजरेआड, मुखाला वळसा घालून घराच्या मागच्या, समुद्राकडच्या अंगाने ते खोकं आत न्यायची घाई. एवढंच घडलं होतं.

देवबागला परतल्यावर मी ओट्यावर बसून बापाला मदरबोर्ड समजावू लागलो. मलाच जेमतेम कळलेला. पॉवर, स्लॉट, कार्ड असं बरंच बोललो. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "होडी बांधताना आमी मागे मोठ्या मशीनची जागा ठेवतंव. आज धाकटा बसवतंव, मोठा फुडल्या वर्सा. तसा?"

"अगदी तसंच."

"म्हणजे फुडल्या वर्साचा तेच्या मनात होता."

"होतं."

आता याच्या छातीवरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, तपास जमला म्हणून मनातून थोडा सुखावलोही होतो. तो खाडीकडे बघत होता.

"मगे तो घराक येत होतो," तो म्हणाला.

"हो."

"मी येव नको सांगलंय, तरी येत होतो."

तेव्हा आतून त्याची बायको बाहेर आली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "तो येतलोच मां," ती म्हणाली. "दुसरीकडे खंय जातलो?"

आणि तो माणूस रडला. ठाण्यात रडला नव्हता, किनाऱ्यावर मुलाला ओळखतानाही नाही.

प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झालं. त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली आणि पुष्कळ घरांत जाऊन खरं काय ते सांगितलं. पूर्वी सांगून झालं की मी टोपी घालून उठत असे. काम संपलं असं मला वाटायचं. त्या ओट्यावर मला कळलं की आपलं सांगून संपतं तेव्हा त्यांचं सुरू होतं. मुलगा रागाने गेला असं धरून तो बाप निदान त्याच्यावर रागावू तरी शकत होता. माझ्या उत्तरानंतर त्याच्याकडे तेवढंही उरलं नाही. उत्तर खरं होतं, द्यायलाच हवं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच देईन.

त्या दिवशी हवालदार जीप सुरू करून वाट बघत होता. मी त्याला हाताने बंद कर म्हणून खूण केली आणि त्या दोघांजवळ बसून राहिलो.